दाबलं की बांधलं

“विकत घेतलं म्हणजे तुमचं झालं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

हे वाक्य मी जिन्यात ऐकलं. नगरला सावेडीत औषधांच्या दुकानावरचा पहिला मजला, मुलाखतीचा दिवस, हातात प्लास्टिकची फाइल. आतून दुसरा, रडवेला आवाज आला, “अहो गाडेकर साहेब, मग मी घरी काय घेऊन चाललोय?”

“परवानगी. वापरायची. तीही एका मशीनवर. बाकी घरी काय चाललंय विचाराल, तर खोकं.”

भांडण संपल्यावर वर जावं म्हणून मी जिन्यातच थांबले. दहा मिनिटांनी एक प्रेसवाला खोकं काखेत मारून, घाम पुसत खाली उतरला. नोकरी लागल्यावर मला कळलं की ते भांडण नव्हतंच. गाडेकर सर सॉफ्टवेअर असंच विकायचे.

पुण्यातली एक कंपनी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करायची आणि सर तिचे नगर जिल्ह्याचे विक्रेते होते. लग्नपत्रिकावाले, फ्लेक्सवाले, साप्ताहिकं काढणारे, सगळे त्यांच्याकडे यायचे. त्या सॉफ्टवेअरबरोबर अंगठ्याएवढी एक काडी मिळायची. तिला सगळे ‘चावी’ म्हणत. ती कॉम्प्युटरच्या बाजूला खोचल्याशिवाय काही उघडत नसे.

सॉफ्टवेअर टाकताना पडद्यावर कंपनीचा इंग्रजी करार येतो आणि खाली ‘मान्य आहे’ असं बटण असतं. तो करार जगात कुणी वाचत नाही. सरांच्या दुकानात वाचावा लागायचा. सर त्याच्या छापील प्रतीतून एकेक कलम वाचत, मराठीत सांगत, “कळलं?” म्हणून विचारत, आणि मग खुर्ची मागे सारून म्हणत, “आता तुमचं बोट.” गिऱ्हाइकाच्या वतीने ते बटण त्यांनी कधीही दाबलं नाही. नंतर एका लांबट वहीत सही घ्यायची, सहीखाली ‘वाचून दाखवणार’ असा रकाना. सही झाली की वही मिटून ते एकच वाक्य म्हणत, “दाबलं की बांधलं.”

ते वाक्य मी पाच वर्षं ऐकलं. अजूनही मोबाईलवर कुठलंही ॲप घेताना ऐकू येतं. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

मला त्यांनी इंग्रजीसाठी घेतलं. वाचून वाचून त्यांचा घसा बसायला लागला होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, नंतर बीसीएस. मराठी घरात बोलण्यापुरती. मुलाखतीत त्यांनी एक पान पुढे केलं. “मराठीत सांगा.” सॉफ्टवेअरमुळे कसलंही नुकसान झालं तरी कंपनी जबाबदार नाही, असा तो परिच्छेद होता. मला जबाबदार हा शब्दच आठवेना. मी म्हणाले, “नुकसान झालं तर... कंपनी सॉरी आहे.”

सर हसले नाहीत. “कंपनी सॉरी नाही,” ते म्हणाले, “हाच त्या परिच्छेदाचा मुद्दा आहे.”

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. मी ‘कॉन्व्हेंट’ झाले. “कॉन्व्हेंट, वही आणा.” “कॉन्व्हेंट, हे कलम परत वाचा, यांना ऐकू गेलं नाही.” गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, “आमच्या कॉन्व्हेंटच्या मराठीला दम लागतो, जरा सांभाळून घ्या.” गिऱ्हाईक हसायचं. मी वहीच्या रेघा बघायची. मुळात मी कमी बोलते. तिथे आणखी कमी बोलायला शिकले.

दाराशी स्टीलच्या डब्याचं एक झाकण ठेवलेलं असे. येणाऱ्याने खिशातले पेनड्राइव्ह त्यात काढून ठेवायचे, देवळाबाहेर चपला ठेवतात तसे. एकदा सख्ख्या मेहुण्याकडे ते जेवायला गेले होते. तिथे टीव्हीवर नवा सिनेमा लावला होता, कुणीतरी कुठूनतरी उतरवून घेतलेला. हे कळल्यावर सर ताट घेऊन उठले आणि बाहेरच्या पायरीवर बसून जेवले. मेहुण्याच्या बायकोने ही गोष्ट दुकानात येऊन सांगितली, रागाने. सर शेजारीच होते. म्हणाले, “आमटी चांगली होती.”

त्यांची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. राहुरीच्या एका पत्रिकावाल्याने सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर चढवलं आणि तो पकडला गेला. सरांनी वही उघडली, तारीख बघितली, आणि छताकडे बघत बसले. मग म्हणाले, “एका मशीनचं कलम वाचताना यांना फोन आला होता. हे गॅलरीत गेले होते. मी वाचत राहिलो. चूक माझी.” त्या माणसाला ते एका शब्दाने बोलले नाहीत. “न ऐकलेलं बांधत नाही,” एवढं म्हणाले, ते कलम पुन्हा वाचलं आणि पुन्हा सही घेतली. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, माझे सर विचित्र आहेत पण खोटे नाहीत.

मिरजगावला जाऊन आल्यावर मी घरी काहीच सांगितलं नाही.

कंपनीच्या वतीने अचानक तपासणी करायचा अधिकार सरांना होता, तोही करारात लिहिलेला. ऐन लग्नसराईत आम्ही एसटीने मिरजगावला गेलो. हायवेवरच एका नवरा-बायकोचं फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान. नवरा बोर्ड लावायला गेलेला. बाई एकटी मशीनवर बसली होती, पत्रिकेत मामांची नावं भरत. दुसरं मशीन शेजारी चालू. चावी एकच, पहिल्या मशीनला. दुसऱ्यावर कुलूप तोडलेली प्रत.

“हे कुणी टाकलं?”

बाईने लपवाछपवी केली नाही. “टाकलं एका ओळखीच्यानं. दादा, आमी दोघं नवरा-बायको. धंदा एक, घर एक. एका मशीनवर दोघांनी कसं बसायचं?”

“करार मशीनशी आहे. लग्नाशी नाही.”

“चार पत्रिका अडकल्यात हो. दोन दिस थांबा, मग काढते की.”

“चोरीला मुहूर्त नसतो. काढा.”

ते स्वतः काढू शकले असते. पण त्यांचा नियम मला माहीत होता. त्यांनी खुर्ची मागे सारली. बाईने हात पदराला पुसला, जणू पूजेच्या वस्तूला हात लावायचाय, आणि माऊस धरून सगळं पुसलं. चारही पत्रिका त्या मशीनवर होत्या, आणि तोडलेल्या प्रतीत केलेल्या फाइली चावीच्या मशीनवर उघडत नसत. मग ती आम्हाला म्हणाली, “चहा टाकते. तुमचं बी कामच हाय.”

“कामावर असताना घेत नाही,” सर म्हणाले. मला तो चहा घ्यायचा होता, नुसतं तिच्याजवळ दोन मिनिटं उभं राहायला मिळालं असतं म्हणून. मी वही छातीशी धरून सरांच्या मागे निघाले.

स्टँडवर बस यायला वेळ होता. समोर वाढदिवसाचा एक भला मोठा फ्लेक्स होता, गॉगल घातलेला माणूस आणि खाली वीस-पंचवीस लहान चेहरे. सर त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्यांना राजकारणात रस नव्हता, म्हणून मला नवल वाटलं.

“शेवटची ओळ वाचा.”

“मित्र मंडळ, मिरजगाव.”

“त्यातला ळ बघा. माझा आहे.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते फ्लेक्सकडेच बघत बोलत राहिले. तरुणपणी ते नगरच्या एका प्रेसमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी येऊन आलेखाच्या कागदावर अक्षरं काढायचे. सगळी बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, दोन वर्षं. ळ चार महिने जमला नाही, त्याची दोन पोटं एकमेकांवर पडायची. कॉम्प्युटरवर चढवल्यावर एका मित्राने ‘जरा बघून देतो’ म्हणून सीडी नेली. वर्षभरात ती अक्षरं संगमनेरपासून जामखेडपर्यंत गेली. कुणीतरी त्यांना परस्पर नावही देऊन टाकलं.

“तक्रार नाही केलीत?”

“कशावर? कागद केला नव्हता. मित्राला कुणी करार वाचून दाखवतं का?” मग म्हणाले, “मी बोर्ड वाचत नाही, कॉन्व्हेंट. नुसते बघतो.”

मला वाईट वाटलं. आणि लगेच त्या बाईचा पदराला पुसलेला हात आठवून, वाईट वाटल्याचा राग आला. ज्याच्या घरी चोरी झाली त्याने गावभर दारं ठोठावत फिरायचं, आणि आपण त्याचं दुःख समजून घ्यायचं, हे मला पटलं नाही. त्या बाईने त्यांचा ळ चोरला नव्हता. हे तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. बस आली आणि मी खिडकीशी बसले.

पण तेव्हापासून तो करार मी स्वतःसाठी वाचायला लागले. कायदाही वाचला, मोबाईलवर, जेवणाच्या सुट्टीत. त्यात स्पष्ट लिहिलेलं सापडलं की ज्याच्याकडे सॉफ्टवेअरची प्रत रीतसर आली आहे, त्याने ती नष्ट होईल या भीतीने राखीव प्रत करून ठेवली तर तो हक्कभंग नव्हे. आमच्या करारात नेमकं तेच करायला मनाई होती. धीर करून एकदा विचारलं.

“सर, कायदा हो म्हणतो आणि करार नाही म्हणतो. मग कुणाचं ऐकायचं?”

ते खूश झाले. असा प्रश्न त्यांना कुणी विचारत नसे. “कायदा म्हणतो तो गुन्हा नाही. करार म्हणतो तुम्ही शब्द दिलाय. दोन वेगळ्या गोष्टी. एकादशीला भाकरी खाणं गुन्हा आहे का? नाही. पण उपास धरलाय म्हणालात ना? मग खाऊ नका.”

“आणि कोर्टात गेलं तर?”

“कोर्ट सांगेल तेव्हा सांगेल. तोवर माणसाने स्वतःला काय सांगायचं, तो प्रश्न आहे.”

मला उत्तर सुचलं ते जिना उतरताना. उपास माणूस आपणहून धरतो, तो कुणी खोक्यात घालून विकत नाही. आणि ज्या कराराच्या एकाही ओळीला ‘ही नको’ म्हणता येत नाही, तो शब्द कसला, तो हुकूम. मी वर परत गेले नाही. अशी बरीच उत्तरं त्या जिन्यात पडून आहेत.

मुठे गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक. दुसऱ्यांदा आले ते गेल्या वर्षी, पावसाळा संपताना. अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. आधी जीप, मग दोन एसट्या, आणि मांडीवर गोणपाटात बांधलेला कॉम्प्युटर. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि टोपी काढून पुसत म्हणाले, “इज पडली. समदं जळालं.”

चावीही काळी पडली होती. मी कॉम्प्युटर उघडून बघितलं. आतली हार्ड डिस्क वाचली होती आणि गुरुजींच्या फाइली तिच्यावर जशाच्या तशा होत्या. पण त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कुलपात होत्या, आणि त्या कुलपाला तीच एक चावी लागत होती. कंपनीने ती आवृत्ती बंद केली होती. चावी बदलून मिळत नव्हती, आणि नव्या आवृत्तीत जुन्या फाइली उघडत नव्हत्या.

त्या फाइलींमध्ये गुरुजींचे शब्द होते. डोंगरातल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांकडून वेचलेले: भाताच्या वाणांची नावं, खेकड्यांची, गवतांची, उताराच्या प्रत्येक वळणाची, वाऱ्याची. सांगणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी आता नव्हत्या.

“मूळ कागद असतील ना?” सरांनी विचारलं.

“चिठ्ठ्या व्हत्या, दोन पोती. टाइप झालं म्हनून सुनंनं चुलीत घातल्या. तिची न्हाई चूक. म्याच म्हनलं व्हतं, आता मशिनीत हाय, ऱ्हाईल.” मग ते माझ्याकडे वळले. “बाई, तुमाला उघडता येईल का?”

येणार होतं. त्या फाइलीचं कुलूप अगदी भाबडं होतं. एका दुपारी कुतूहलाने मी ते निरखलं होतं. वीस-पंचवीस ओळी लिहून ते चुकवता आलं असतं. मी सरांकडे बघितलं.

“येत असेल,” सर म्हणाले, “पण करायचं नाही. आत उलगडून बघणार नाही आणि कुलूप चुकवणार नाही, असं कबूल केलंत गुरुजी.”

“कुलूप कंपनीचं. शब्द माजे न्हाईत का?”

“शब्द तुमचे. पेटी कंपनीची.”

“सर, मी माझा भात तुमच्या कनगीत ठिवला. कनगीला बूड न्हाई राह्यलं. आता मी भात काढू नगं?”

“काढा. पण कणगी फोडून नाही.”

“मग तुमी काढून द्या.”

“मी कोण? कणगी माझीही नाही.”

गुरुजी हसले. खरंच हसले. “मंजी समदे परक्याच्या घरात बसलोय की आपन.”

सर हसले नाहीत. “कॉन्व्हेंट, वही आणा.”

मी चार वर्षांपूर्वीचं पान उघडलं. गुरुजींची शाळामास्तरी, गोल सही. आणि तिच्याखाली ‘वाचून दाखवणार’च्या रकान्यात माझी. तोपर्यंत मी ते विसरले होते, किंवा विसरायचं ठरवलं होतं.

त्या दिवशी सर पुण्याला गेले होते आणि करार मी एकटीने वाचला होता. गुरुजी असे ऐकत होते की जणू शाळा तपासायला साहेब आलाय. प्रत्येक शब्दाला विचारायचे, “म्हंजी?” ‘हस्तांतरण’ म्हंजी? ‘अधीन राहून’ म्हंजी? सरांकडून पाठ केलेले शब्द मी पुढे करत होते आणि त्यांचा अर्थ मलाच सांगता येत नव्हता. गुरुजी मात्र खिशातून चिठ्ठी काढून तोही शब्द लिहून घेत. मध्येच विचारलं, “हे मान्य म्हनायचं कुनाला? मशिनीला? आन् म्या न्हाई म्हनलं तर?”

“मग ते बंद होतं.”

“मग इचारतं कशाला?”

अकोल्याची गाडी सुटायला अर्धा तास होता, गुरुजींनी घड्याळ बघितलं, आणि मी दोन पानं एकदम उलटली. फक्त गाडीसाठी नाही. आणखी दोन पानं त्यांच्यासमोर मराठीत अडखळायची मला लाज वाटली म्हणून. एका मशीनचं कलम, चावीचं कलम, कुलपाचं कलम, सगळी त्या दोन पानांत होती. गुरुजींनी बटण दाबलं, सही केली आणि पिशवी घेऊन पळाले.

हे मला तेव्हाच सांगता आलं असतं, वही उघडी असताना. मी वही मिटली.

सरांनी मात्र त्यांच्या पद्धतीने सगळं केलं. डिस्क जपून ठेवली, गुरुजींच्या वतीने कंपनीला पत्र लिहिलं, विनंतीचं, सविस्तर, तीनदा मसुदा बदलून. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: ही आवृत्ती बंद आहे, आम्ही मदत करू शकत नाही. सरांनी ते छापून फाइलला लावलं. त्यांच्या दृष्टीने ते संपलं. मला त्या आठ दिवसांत झोप नीट आली नाही. दुकानात कुलूप उघडू शकणारी एक मुलगी होती आणि ती गिऱ्हाइकांना कलमं वाचून दाखवत होती.

फाइली शेवटी उघडल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक तेवढंच विचारतात. वीस मिनिटं लागली. गुरुजींकडे आता त्या साध्या मजकुरात आहेत, कुठल्याही मशीनवर उघडतात. सरांनी त्याच संध्याकाळी कंपनीला सगळा प्रकार लेखी कळवला, माझं पूर्ण नाव घालून, दुकान आपलं असल्याने जबाबदारी आपलीही आहे असं खाली लिहून. त्यांचं विक्रेतेपद गेलं की त्यांनी सोडलं, मला नक्की माहीत नाही. माझी नोकरी मी सोडली. कंपनीकडून मला काहीच आलं नाही. त्या कराराचं कोर्टात काय झालं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही. सरांना पुन्हा भेटायची इच्छा झालेली नाही. त्यांचं जे चित्र माझ्याकडे आहे ते त्या दुपारचं.

गुरुजी डिस्क परत न्यायला आले होते. सरांनी कंपनीचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. गुरुजींनी डिस्क टॉवेलात गुंडाळली. “बरं,” एवढंच म्हणाले. ते दाराशी पोचले तेव्हा माझ्या तोंडून बाहेर पडलं, “सर, ती पानं मी यांना वाचून दाखवली नव्हती.”

“कुठली पानं?”

“कुलपाची. चावीची. मी दोन पानं एकदम उलटली. त्यांनी ते ऐकलंच नाही, सर. न ऐकलेलं बांधत नाही, तुम्हीच म्हणता.”

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. राहुरीवाल्याच्या वेळी बघितलं होतं तसं छताकडे बघत बसले. खालच्या दुकानात कुणीतरी औषधांची नावं घेत होतं, तेवढा आवाज. माझ्या मनात आशा आली, हे लपवत नाही. या माणसाच्या नियमातूनच वाट निघतेय असं वाटलं.

“बरोबर,” ते म्हणाले. “मग करार झालाच नाही.”

“मंजी सुटलो का मी?” गुरुजी दारातून म्हणाले.

“सुटलात. पण गुरुजी, करार म्हणजे परवानगी. करार नाही तर परवानगी नाही. चार वर्षं तुम्ही हे विनापरवाना वापरलंत.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. बेरीज बरोबर आल्यासारखा शांत आवाज होता. “वहीत दुरुस्ती करावी लागेल.”

गुरुजी मागे आले. डिस्क टॉवेलासकट टेबलावर ठेवली. “सर, उभं आयुष्य साळंत पोरांच्या पाटीवरची नक्कल पकडली म्या. रोख मोजून खोकं नेलं तुमच्याकडनं. बाईंनी सांगितलं तितं बोट ठिवलं. आन् आता मी चोर व्हय?”

“चोर मी म्हटलं नाही. विनापरवाना म्हटलं.”

“गावात ह्येचा अर्थ येकच व्हतो.”

“माझ्या वहीत नाही होत.”

सरांनी वही ओढली. माझ्या सहीवर त्यांनी पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. मग गुरुजींच्या सहीवर. नंतर समासात लिहायला लागले, सावकाश, प्रत्येक अक्षर कोरून. त्यांचं हस्ताक्षर फार सुंदर होतं. गुरुजी वाकून बघत होते, पण चष्मा पिशवीत होता.

“काय लिवताय?”

“वाचून दाखवतील तुम्हाला.” लिहून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. “कॉन्व्हेंट, वाचा. या वेळी पूर्ण. आणि खाली सही करा.”

मी वाचलं, मनात. गुरुजींचं पूर्ण नाव होतं, गाव, तालुका, आणि पुढे ‘चार वर्षे विनापरवाना वापर’. टेबलाच्या पलीकडे गुरुजी टोपी हातात धरून उभे होते, मी काय वाचते ते ऐकायला, चार वर्षांपूर्वी ऐकत होते तसेच, मन लावून. ती जुनी आवृत्ती, जिच्याशिवाय कुलूप चुकवता येत नव्हतं, आता जिल्ह्यात एकाच कॉम्प्युटरवर चालू होती, सरांच्या. सर त्याच्यासमोर बसले होते, पेनला टोपण लावत.

“वाचा.”

मी वही मिटली. टॉवेल सोडवून डिस्क हातात घेतली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. तिथे मी पाच वर्षांत कधी उभी राहिले नव्हते. सरांनी मान वर करून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त एवढंच की हे कुठल्या कलमात बसतं ते त्यांना आठवत नव्हतं.

“सर, उठा,” मी म्हणाले. “मला तुमच्या खुर्चीवर बसायचंय.”